सिअ‍ॅटलजवळ ऑर्का बघायचेत, आई-बाबा सोबत आहेत. बोट कुठून घ्यावी?

चिमी_बॉथेल:

आई-बाबा जूनच्या शेवटी येतायत, ऑगस्टच्या मध्यापर्यंत आहेत. आईने फोनवर आधीच सांगून ठेवलंय, स्पेस नीडल गेल्या खेपेला झाली, मॉल नकोत, मला ते काळेपांढरे मासे बघायचेत. तिने कुठल्यातरी चॅनलवर बघितलंय आणि आता सोसायटीत सगळ्यांना सांगून झालंय त्यामुळे दाखवले नाहीत तर माझी काही खैर नाही.

अडचणी अशा की आई ६७ ची, ताम्हिणी घाटात सुद्धा तिला पहिल्या तीन वळणांत लागते. बाबा ७१, गुडघे दुखतात, पण उत्साह भयंकर. आम्ही बॉथेलला राहतो, गाडी आहे, शनिवार-रविवार धरून एखादी सुट्टी टाकता येईल. टूर कंपन्या ढीगभर दिसतायत, काही थेट सिअ‍ॅटलहून, काही अ‍ॅनाकॉर्टिसहून, काही फ्रायडे हार्बरहून, आणि सगळ्यांच्या साइटवर ऑर्का अगदी बोटीला खेटून उडी मारतोय. खरंच एवढ्या जवळून दिसतात का? नवरा म्हणतोय सरळ व्हिक्टोरियाला जाऊ, तिकडे जास्त दिसतात म्हणे. आणि समजा नाहीच दिसले तर पैसे परत मिळतात का? चौघांचे मिळून भरपूर होतायत म्हणून विचारतेय. प्लीज कोणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर नीट सांगा.

मु_पो_एव्हरेट:

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो त्यामुळे अनुभवाचे बोल. आधी व्हिक्टोरियाचं. आई-बाबा अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर आहेत ना? मग भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल. आमच्या ओळखीतले एक जण तिकिटं काढून बसले आणि मग लक्षात आलं. तेव्हा तो विषय संपला, निदान या वेळी.

अ‍ॅनाकॉर्टिस घ्या. तुमच्याकडून सव्वा-दीड तास, हायवे सरळ, आणि बोट निघाली की अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही बेटांच्या मधेच असता. सिअ‍ॅटलहून निघालात तर अख्खा दिवस जातो आणि त्यातला बराचसा नुसता प्रवास. बेटांमधलं पाणी तसं शांत असतं, हवान डि फुकाच्या सामुद्रधुनीत गेलं की मात्र वारा आणि लाटा, तिथे तुमच्या आईंची परीक्षा आहे. सकाळची फेरी घ्या, दुपारनंतर वारा वाढतो.

बोट मोठी बघा, आत बसायला केबिन, टॉयलेट आणि खिडक्या असलेली. त्या रबरी झोडियाक असतात ना त्या बघूसुद्धा नका, घोड्यावर बसल्यासारखं बसावं लागतं आणि प्रत्येक लाटेला मणका हादरतो, बाबांच्या गुडघ्यांचं काही खरं नाही. गोळी निघायच्या तासभर आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नसतो. इकडे मेक्लिझिन मिळते साधी दुकानात, तिकडून येताना अ‍ॅव्होमिन आणतीलच पण तिने जाम झोप येते, आमच्या सासूबाई गेल्या खेपेला हंपबॅक देवमाशाच्या वेळेला घोरत होत्या. बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. आलेपाक ठेवा खिशात.

आणि कपडे! जुलै असला तरी तिथलं पाणी दहा-बारा डिग्रीचं असतं, बोट पळायला लागली की तो गारवा हाडात जातो. स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. बाबा म्हणतील उन्हाळ्यात कानटोपी कशाला, तरी घ्या.

पाणकावळा:

वरचं सगळं बरोबर. मी "किती जवळून" याचं सांगतो कारण त्यात खरी गोम आहे. (मी शनिवारी-रविवारी किनाऱ्यावरून व्हेल मोजायला जाणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.)

आधी एक, ऑर्का हा देवमासा नाही, डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा. आणि आपल्याकडच्या पाण्यात ऑर्कांची दोन घराणी आहेत. एक सदर्न रेसिडेंट, जे, के आणि एल असे तीन पॉड म्हणजे कळप, सगळे मिळून सत्तर-पंचाहत्तर जीव फक्त. हे मासेच खातात, त्यातही चिनूक सामन हवा. दुसरं घराणं बिग्ज, ज्यांना पूर्वी ट्रान्झियंट म्हणायचे, हे सील, सी लायन, पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखाच पण छोटा) असलं खातात आणि माशाला तोंड लावत नाहीत. म्हणजे एका घरी फक्त मासे शिजतात, दुसऱ्या घरी फक्त मटण, पाणी एकच पण रोटी-बेटी व्यवहार अजिबात नाही. भाषा पण वेगळी. रेसिडेंट सतत बडबडतात, प्रत्येक पॉडची बोली निराळी. बिग्ज शिकारीच्या वेळी चिडीचूप, कारण सीलला पाण्याखाली ऐकू येतं, माशांना तसं येत नाही.

बिग्ज हे नाव मायकल बिग या कॅनडाच्या शास्त्रज्ञावरून. १९७० च्या दशकात त्याने पाठीवरच्या पंख्याचे आणि त्याच्यामागच्या करड्या डागाचे फोटो काढून प्रत्येक ऑर्का वेगळा ओळखता येतो हे दाखवलं. तोवर लोकांना वाटायचं समुद्रात हजारोंनी आहेत, पकडा किती पकडायचे ते. मोजल्यावर कळलं की मूठभरच आहेत, आणि त्यातलीच पिल्लं मत्स्यालयांना विकली जात होती. १९७० च्या ऑगस्टमध्ये व्हिडबी बेटाजवळ पेन कोव्हमध्ये जाळी लावून अख्खा कळप कोंडला होता. त्यातली टोकिटे नावाची मादी मायामीच्या टाकीत पन्नासहून जास्त वर्षं राहिली आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथेच गेली. पेन कोव्ह आता शिनाण्यांसाठी प्रसिद्ध आहे, अ‍ॅनाकॉर्टिसहून परतताना डिसेप्शन पासच्या पुलावरून त्या बाजूने येता येतं. अवांतर झालं.

तर नियम. रेसिडेंट दिसले तर वॉशिंग्टनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून कुठल्याही बोटीने १००० यार्ड लांब राहायचं, म्हणजे जवळपास किलोमीटर. टूरच्या बोटींना पण तेच. त्यामुळे टूरवाले ते रेसिडेंट आहेत असं कळलं की मुळात तिकडे जातच नाहीत. तुम्हाला दाखवणार ते बिग्ज, आणि त्यांच्यापासून २०० यार्ड, शिवाय त्यांच्या वाटेत समोर ४०० यार्डांच्या आत यायचं नाही. २०० यार्ड म्हणजे क्रिकेटच्या मैदानाच्या या बाउंड्रीपासून त्या बाउंड्रीपर्यंत, आणि वर थोडं. साइटवरचे खेटून उडी मारणारे फोटो लांब लेन्सचे असतात. कधी इंजिन बंद करून उभं असताना ऑर्का स्वतःहून जवळ येतात, ती त्यांची मर्जी, त्याचे पैसे कंपनी घेऊ शकत नाही.

हे जाचक वाटतं काहींना पण कारण आहे. रेसिडेंट पाण्यात आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर मासा शोधतात, इंजिनाच्या घरघरीत ते बुडतं. अंगाला सक्शन कपने सेन्सर चिकटवून अभ्यास झालाय, बोट ४०० यार्डांच्या आत आली की माद्या शिकार अर्धवट सोडतात. आधीच चिनूक कमी, त्यात पिल्लाला पाजणारी आई उपाशी. २०१८ मध्ये जे-३५, तिला ताहलेक्वा म्हणतात, मेलेलं पिल्लू डोक्यावर घेऊन १७ दिवस पोहत होती. ही गोष्ट तुमच्या आईंना आधी सांगू नका.

खवचट_खान:

सगळे छान छान लिहितायत म्हणून मी उलट लिहितो. दोनदा गेलो. पहिल्यांदा चार तास पाणी बघितलं, पाण्याच्या पुढे अजून पाणी. शेवटी लांबवर एका हंपबॅकची पाठ दिसली, आपल्याकडे म्हैस डबक्यातून वर येते तेवढी, आणि झालं. आता गंमत ऐका. साइटवर मोठ्या अक्षरात गॅरंटी. मी म्हटलं ऑर्का दिसला नाही, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली सर, तुम्हाला व्हेल दिसला. गॅरंटी "व्हेल"ची होती, कुठलाही चालतो. आणि गॅरंटी म्हणजे पैसे परत नाहीत, पुढची फेरी फुकट. पुढच्या आठवड्यात पाहुणे भारतात परत गेलेले, फुकट फेरीचं काय लोणचं घालू? चिमीताई, म्हणून आई-बाबा आल्या आल्या जा, परतायच्या आठवड्यात ठेवू नका, निदान दुसरा चान्स राहील. आणि तिकीट काढायच्या आधी ते बारीक अक्षरातलं वाचा.

दुसऱ्यांदा दिसले. पाच मिनिटं. बाकी अडीच तास बायको रेलिंगला धरून.

मु_पो_एव्हरेट:

@खवचट_खान म्हशीची उपमा जबरी आहे पण हंपबॅकला एवढं हिणवू नका हो. मारून मारून संपवले होते आपल्या इथले, १९९० च्या दशकाच्या शेवटी कुठे परत दिसायला लागले. शेपटी वर करून बुडी मारताना बघितला की माणूस गप्प होतो.

शाल्मली_व्हिक्टोरिया:

मी पलीकडच्या बाजूला राहते, व्हिसाचं खरंय, नाहीतर या म्हटलं असतं. वर झोडियाकला नावं ठेवली आहेत ती सगळी मान्य, तरी माझं सगळ्यात भारी दर्शन झोडियाकमधूनच झालं. लाल-केशरी रंगाचा जाड सूट घालतात, त्यात आपण फुगलेल्या इडलीसारखे दिसतो आणि वाकून बुटाची लेस बांधता येत नाही. रेस रॉक्सला गेलो, तिथे १८६० चं काळंपांढरं पट्ट्यांचं दीपगृह आहे आणि खडकांवर सी लायन पसरलेले असतात. वास सांगायची सोय नाही, ससून डॉकवर मे महिन्यात दुपारी दोनला जा आणि त्याला दहाने गुणा.

तिथून थोडं पुढे चार बिग्ज. कॅप्टनने लांबूनच इंजिन बंद केलं. आधी ते आपले संथ चाललेत, फुस्स, फुस्स, फुस्स, आणि मग चौघे एकदम गायब. पाच मिनिटं काही नाही. सगळे कॅमेरे लावून बसलेले, कोणी बोलेना, एक लहान मुलगा तेवढा चिप्स खात होता त्याचा कुरकुर आवाज. मग एका ठिकाणी पाणी आतून ढवळल्यासारखं झालं, एक शेपटी बाहेर आली आणि फाडकन आपटली, आणि सगळं परत शांत. सील मला दिसलाच नाही. पाण्यावर गुळगुळीत तेलकट तवंग पसरत गेला आणि कुठून कुठून सीगल्स आले तुकडे उचलायला. रक्त वगैरे फार काही नव्हतं, टीव्हीवर दाखवतात तसं तर मुळीच नाही. पण माझ्या शेजारची बाई रडत होती आणि तिचा नवरा टाळ्या वाजवत होता. मला काय वाटलं ते अजून सांगता येत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे चिमी, आईंना आधी कल्पना दे की हे लोक सील खातात. गोंडस पांडा बघायला चाललोय असं समजून आल्या तर वांधे.

हर्णैकर:

वाचनखूण साठवली आहे. आमचं गाव दापोली तालुक्यात, तेव्हा डॉल्फिन लहानपणापासून बघतोय. मुरुड-हर्णैला डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी असतात, गेल्या दिवाळीत मुलांना घेऊन बसलो. एक कल्ला दिसला की आठ-दहा बोटी सगळीकडून फुल स्पीडने त्याच्यावर, लोक शिट्ट्या मारतायत, आमचा बोटवाला ओरडतोय उजवीकडे बघा उजवीकडे, तोवर ते बिचारे पार तिकडे. आपल्या किनाऱ्याला असतात ते हंपबॅक डॉल्फिन, उथळ पाण्यात राहणारे, त्यांना पळून जायला खोल समुद्र पण आवडत नाही. जाणार कुठे.

बोटवाल्यांना एकट्यांना दोष देत नाही. गिऱ्हाईक उतरताना भांडतं, नीट दाखवला नाही म्हणून पैसे कमी देतं. अर्ध्या तासाची फेरी, त्यात "दाखवलाच पाहिजे" म्हटल्यावर तो पण काय करेल. तिकडे २०० यार्डांचा नियम लोक पाळतात, त्याला पोलीस असतात का?

अजून एक, आपल्या समुद्रातही मोठे आहेत बरं का. २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले होते, कोकण सिटेशियन रिसर्च टीमने नोंद केली होती. आमच्या आजोबांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी कदाचित आधीच सांगितलं असतं.

पाणकावळा:

@हर्णैकर, पोलीस आहेत, मत्स्यखात्याच्या बोटी फिरतात, दंड होतो. पण टूरवाले एकमेकांवर नजर ठेवतात हे जास्त कामाचं. सगळे रेडिओवर बोलत असतात, कुठे दिसले, किती आहेत, कोण आहेत. एकाने आगाऊपणा केला की सगळ्यांना कळतं. खरा त्रास असतो स्वतःची बोट घेऊन आलेल्या हौशी लोकांचा, ज्यांना नियमच माहीत नसतात. कितीदा तरी टूरची बोटच त्यांना हात करून हळू करायला लावते.

@चिमी, बोटीला दुसरा पर्याय राहिलाच. अ‍ॅनाकॉर्टिसहून सरकारी फेरीबोट घेऊन सॅन हुआन बेटावरच्या फ्रायडे हार्बरला जा, साधारण सव्वा तास, पैसे जातानाच घेतात, येताना नाही. गाडी नेणार असाल तर उन्हाळ्यात रिझर्वेशन आधीच करा नाहीतर रांगेत दिवस जाईल. बेटाच्या पश्चिमेला लाइम किल्न पॉइंट म्हणून पार्क आहे, १९१९ चं छोटंसं दीपगृह, खाली खडक, आणि हॅरो स्ट्रेट तिथे काठालाच एवढी खोल आहे की ऑर्का कधीकधी अगदी खडकांजवळून जातात. १००० यार्डांचा नियम बोटीला आहे, खडकावर बसून पोळीभाजी खाणाऱ्याला नाही. रेसिडेंट बघायचे तर हाच मार्ग. आईंना लागायचा प्रश्न नाही, बाबांना बाक आहेत. गॅरंटी मात्र शून्य. मी तिथे सलग सहा शनिवार बसून फक्त सील बघितलेत, आणि सातव्या शनिवारी डबा उघडत होतो तेव्हा जे पॉड गेला.

तोवर घरबसल्या ऑर्कासाउंडच्या साइटवर हायड्रोफोन (पाण्याखालचे माइक) फुकट लाइव्ह ऐका. बहुतेक वेळ जहाजांची घरघर ऐकू येईल. ती पण ऐकाच.

चिमी_बॉथेल:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला व्हिसाचं दाखवलं, तो गप्प. अ‍ॅनाकॉर्टिसची सकाळची बोट बुक केलीय, जुलैचा पहिला शनिवार, बारीक अक्षरं वाचली, खवचटराव म्हणतात तेच लिहिलंय. जाऊन आल्यावर सांगते.

चिमी_बॉथेल:

जाऊन आलो!! उशीर झाला लिहायला, पाहुण्यांच्या गडबडीत राहिलं.

आईने मेक्लिझिन घेतली आणि वर आलेपाक, आणि मी सांगते तिला काहीही झालं नाही, मला झालं. पहिले दोन तास काही नाही. म्हणजे सील होते, टकलं डोकं वर काढून बघणारे, पॉर्पॉइज दोन, आणि झाडावर बॉल्ड ईगल ज्याला बाबा शेवटपर्यंत घार म्हणत होते. मी मनातल्या मनात चौघांच्या तिकिटांचा हिशोब करत होते. मग कॅप्टनने रेडिओवर काहीतरी ऐकलं आणि बोट वळवली, पाऊण तास नुसती पळवली, आणि एका ठिकाणी हळू केली. पाच जण होते, बिग्जच. त्यात एक मोठा नर, त्याचा पंखा वर यायला लागला तर येतच राहिला, माणसाच्या उंचीचा असतो म्हणे, पाण्यातून कोणी काळं शीड उभारतंय असं वाटलं. लांब होते, पाणकावळा म्हणाले तसेच, बाउंड्रीपार. पण श्वासाचा आवाज एवढ्या लांबून येतो हे कोणीच मला सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फुसफुसतो ना अगदी तस्सा.

बोटीवर माहिती सांगणारी मुलगी होती तिच्याकडे सगळ्यांच्या फोटोंची वही. तिने सांगितलं की हा नर त्या पुढच्या मादीचा मुलगा, एवढा थोरला झाला तरी आईबरोबरच फिरतो आणि जायचं कुठे ते तीच ठरवते. मी आईला मराठीत सांगितलं. आईने माझ्या नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बघ." त्याची आई पुण्यात, त्याने लगेच दुसरीकडे बघितलं.

शिकार झाली नाही, एका अर्थी बरं झालं. अर्धा तास त्यांच्याबरोबर थांबलो, मग कॅप्टनने बोट मागे घेतली कारण अजून दोन बोटी यायच्या होत्या आणि गर्दी करायची नाही म्हणे. बाबा वैतागले, एवढं शोधून काढल्यावर निघायचं काय. त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं, तीन-चार श्वास लागोपाठ आणि मग पाच-सहा मिनिटं बुडी, आणि ते गणित पक्कं बसायला त्यांना अजून दोन बुड्या हव्या होत्या.

कानटोपीबद्दल मु_पो_एव्हरेट यांना साष्टांग नमस्कार. लाइम किल्न राहिलंय, आई ऑगस्टमध्ये जाऊ म्हणतेय, डब्यात काय न्यायचं ते पण ठरलंय.

हर्णैकर:

वा वा! फोटो डकवा की.

चिमी_बॉथेल:

एकशे बारा आहेत. नव्वदमध्ये नुसतं पाणी, वीसमध्ये बाबांचा अंगठा, एकात आई घोरतेय (येताना, केबिनमध्ये). एकात पंख्याचं टोक आहे, पण ते मला माहीत आहे म्हणून दिसतं. सोसायटीच्या ग्रुपवर आईने तोच टाकलाय, गोल करून.